दुसरी वाटी

६ जानेवारी २००७, शनिवार

तोंडवलीला मथुराकाकीकडे पहिली बैठक. तीन वर्षांपूर्वी नवरा धोंडू होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. काकी बाजारात मासे विकते, घर चालवते. पण रोज सकाळी दोन वाट्यांत पेज वाढते. त्याची वाटी झाकून ठेवते, दुपारी कुत्र्याला घालते. झोप तीन तास.

माझी परीक्षेची केस हीच. मेंदूविज्ञानावर आधारित समुपदेशन, पदव्युत्तर पदविका — नाव घेतानाच दम लागतो! दवाखान्यात आठ वर्षं लोकांचं ऐकतेय, आणि गेल्या वर्षी केसवरच नापास झाले.

७ जानेवारी, रविवार

म्हापशाला वर्ग. पद्मावती मॅडम म्हणाल्या, ‘‘वाट बघणं ही तिच्या मेंदूची सवय झालीय. ओढून तोडू नका, हळूहळू सैल करा. आणि मोजा.’’

१३ जानेवारी, शनिवार

काकीला कॅलेंडर दिलं. दोन वाट्या वाढल्या त्या दिवशी फुली मारायची.

प्लास्टिकचा मेंदूही नेला होता. बांगड्याचा कल्ला बघावा तसा तिनं तो उघडून बघितला. ‘‘ह्येच्यात वाट बघूची जागा खंय आसा गो?’’ मी आठवणींच्या जागेवर, हिप्पोकॅम्पसवर बोट ठेवलं. घरी आल्यावर लाज वाटली. मला तरी कुठं ठाऊक आहे!

२७ जानेवारी, शनिवार

पुन्हा सात फुल्या. झोप तेवढीच. निघताना तोंडून गेलं — ‘‘काकी, ह्या खेपेक बदल दिसलो नाय तर मी परत नापास.’’

आपलं ओझं समोरच्यावर टाकायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. काकी एसटीपर्यंत सोडायला आली. मॅडमना हे सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

पाच फुल्या!

१७ फेब्रुवारी, शनिवार

एकच. झोप सहा तास, काकी म्हणाली. मी शिकवलेला श्वासाचा व्यायामही रोज करते म्हणे. चेहरा ओढलेला वाटला, पण बाजारात दगदग असणार. एसटीत मला रडू आलं. फार बरं वाटलं.

११ मार्च, रविवार

पास. परीक्षकांनी माझा आलेख सगळ्या वर्गाला दाखवला. सात, पाच, तीन, एक, शून्य. पुढच्या तुकडीला हाच शिकवणार आहेत. मम्मीनं क्रुसापुढं मेणबत्ती लावली.

१४ मार्च, बुधवार

सकाळीच पेढे घेऊन तोंडवलीला गेले, न कळवता. चुलीजवळ दोन वाट्या होत्या. एक झाकलेली.

काकी दचकली. ‘‘आज शनिवार नाय मां?’’ मग मलाच समजावायला लागली. ‘‘तुझी परीक्षा होती गो सँड्रीना. म्हणान फुली मारूक नाय. पास झालंस मां?’’

मला होय म्हणवेना. झोपेचं विचारलं. ‘‘ती खंयची,’’ म्हणाली आणि तिसरी वाटी घेऊन माझ्यासाठी पेज वाढली. आम्ही चुलीपाशी बसून खाल्ली. झाकलेली वाटी तिथंच होती.

मॅडमना पत्र लिहिलं: आलेख खोटा आहे, कुणाला शिकवू नका. माझा निकाल परत घ्या.

शनिवारी काकीकडे पुन्हा पहिली बैठक.