कंट्रोलर क्रमांक दोन

७ सप्टेंबर, शनिवार. सायंकाळ.

स्वस्ति. अखंडित-आत्मविश्वास-अलंकृत, सकल-उपकरण-निष्णात, माहितीपुस्तिका-पराङ्मुख, लिफ्ट-देखभाल कंपनीच्या तक्रारनिवारण विभागाचे उपप्रमुख (प्रमुखपद विचाराधीन), चतुर्थ-मजला-द्विकक्षाधीश, क्रीडायंत्र-संरक्षक, शनिवार-पिता, अर्थात आम्ही, आजपासून या रोजनिशीस प्रारंभ करीत आहोत. वाचक एकच. तोही आमच्याशी सहमत.

निमित्त: कन्या (वय पंधरा) आज दुपारी आली आणि ठरल्या वेळेच्या बरीच आधी गेली.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवणे इष्ट. या वर्षारंभी कन्येची आई आणि आम्ही विभक्त झालो, तेव्हा आम्ही औदार्याची परिसीमा गाठली. सोफा दिला. फ्रिज दिला. ड्रॉवरचे कपाट दिले. पडदे दिले, दांड्यांसकट. मागून घेतला तो फक्त टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल. लोक हसले. दूरदृष्टी ही जवळच्यांना नेहमीच हास्यास्पद वाटते. जेथे कन्सोल तेथे कन्या, हे सूत्र आम्ही तेव्हाच मनाशी सिद्ध केले होते.

एक बारीकशी त्रुटी राहिली. कंट्रोलर दोन होते. सामान बांधताना त्यांपैकी एक तिकडच्या खोक्यात गेला.

आमचा खेळ असा: दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी. एकाने उडी मारली की दुसऱ्याने दोरी आवळून धरायची. उशीर झाला की दोघेही दरीत. कन्या आणि आम्ही एका तुटक्या पुलापाशी अडलो होतो, तेव्हाच घराची वाटणी झाली. एका कंट्रोलरवर हा खेळ सुरूच होत नाही. त्यामुळे हल्ली कन्या एकटीचे खेळ खेळते आणि आम्ही शेजारी बसून मार्गदर्शन करतो. आज तिने हेडफोन घातले.

संकल्प: दुसरा कंट्रोलर. पुढील शनिवारी पूल पार.

९ सप्टेंबर, सोमवार.

दुकानात गेलो. मूळ कंपनीचा कंट्रोलर संपला होता, यायला पंधरवडा लागेल, असे दुकानदार म्हणाला. पंधरवडा म्हणजे दोन शनिवार. अशक्य.

भलत्याच कंपनीचा एक वायरलेस कंट्रोलर काचेत होता. दिसायला मुळाहून रुबाबदार. दुकानदार म्हणाला, “साहेब, खरं सांगू का? थांबा जरा, ओरिजिनलच घ्या. हा चालतो, पण त्याच्या मूडवर. बॅटरी मात्र जबरदस्त. संपता संपत नाही.”

आम्ही त्यास सौम्य शब्दांत समजावले की, अस्सलपणा हा वस्तूत नसून ती हाताळणाऱ्यात असतो. तो म्हणाला, “बरोबर आहे साहेब. परत घेणार नाही पण.”

घेतला.

११ सप्टेंबर, बुधवार.

कंट्रोलर जोडण्याचा विधी. माहितीपुस्तिका न उघडता केला. दोन बटणे एकत्र दाबून धरायची, निळा दिवा लुकलुकू लागतो, मग आपले यंत्र त्याला हाक मारते आणि दिवा स्थिर होतो. दिवा तत्काळ स्थिर झाला. विजय.

पडद्यावर मात्र काहीच हलेना. उडीचे बटण दाबले. पुन्हा दाबले. जोरात दाबले. खिशातून ताईचा आवाज आला.

कंट्रोलर कन्सोलऐवजी आमच्या मोबाइलला जोडला गेला होता आणि आम्ही उडी मारून थोरल्या बहिणीला फोन लावला होता.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “अरे, पोरगी आठवड्यातून एकदा येते. बोल की तिच्याशी. ते खेळणं काय घेऊन बसलायस?” आम्ही सांगितले की, हे खेळणे नसून संवादाचे माध्यम आहे. ती म्हणाली, “तोंड असतं ना, तेही एक माध्यम असतं.” ताईचे शिक्षण कमी नाही, पण तंत्रज्ञानाशी तिचा संबंध तुटला आहे.

मोबाइल बंद करून पुन्हा प्रयत्न. जोडला गेला! पडद्यावर ‘खेळाडू क्रमांक दोन’. क्षणभर डोळे भरून आले. पडद्याजवळ बसल्याचा परिणाम.

१४ सप्टेंबर, शनिवार.

कन्या आली. नवा कंट्रोलर दाखवला. “अरे वा!” म्हणाली. ‘अरे वा’ नंतर उद्गारचिन्ह होते, याची नोंद घ्यावी.

अस्सल तिच्या हाती दिला, नवा स्वतः घेतला. त्यागाची आम्हांस सवय आहे.

खेळ सुरू. तिच्या गिर्यारोहकाने उडी मारली. आम्ही दोरी आवळली. आमच्या गिर्यारोहकाने विचार केला. मग दोरी आवळली. तोपर्यंत दोघे दरीत. बटण दाबणे आणि हालचाल होणे यांत एक सूक्ष्म अवकाश पडत होता. आम्ही त्यास भारदस्तपणा म्हणालो. कन्या म्हणाली, “बाबा, तुझा माणूस आधी चहा पितो आणि मग दोरी धरतो.”

हसलो दोघे. खरोखर हसलो. दरीत पडत होतो आणि हसत होतो. नंतर कंट्रोलरचा संपर्क मधूनमधून तुटू लागला. आमचा गिर्यारोहक कड्यावर पुतळ्यासारखा उभा आणि ती दोरीला लोंबकळत, “बाबा, धर ना! बाबा!” आम्ही धरलेलेच होते. यंत्र ऐकत नव्हते.

शेवटी तिने विचारले, “आपला जुना कंट्रोलर आणू का पुढच्या वेळी? आईकडे ड्रॉवरमध्ये नुसता पडलाय. तू चावला होतास बघ, तोच.”

(पुलावर एकदा उद्वेगापोटी आम्ही त्यास दात लावले होते. खूण अद्याप आहे, असे कळते.)

आम्ही म्हणालो, त्या घरातील टाचणीदेखील आम्हांस नको. जरा मोठ्याने म्हणालो. कन्या म्हणाली, “बरं,” आणि बूट घालू लागली.

तत्त्व राहिले. हे महत्त्वाचे.

१७ सप्टेंबर, मंगळवार. कार्यालय.

कामातून सवड काढून कंट्रोलरच्या कंपनीस ई-मेल धाडला. भाषा संयत, धार तीक्ष्ण. उत्तर तासाभरात आले: ‘आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्याने नोंद घेतली आहे. दोष उपकरणात नसून वापरपद्धतीत असावा, असे प्राथमिक निरीक्षण आहे.’

हे वाक्य आमचे आहे. लिफ्टमध्ये अडकून सुटलेल्या प्रत्येक ग्राहकास आम्ही हेच पाठवतो. रचना, शब्दक्रम, ‘प्राथमिक’ सकट. आज प्रथमच ते समोरून वाचले. वाक्य उत्तम आहे. वाचणाऱ्याचा संताप होतो, हे ठाऊक नव्हते.

दुपारी एका बाईंना तेच वाक्य पाठवले. दुसरे तयार नव्हते.

२१ सप्टेंबर, शनिवार.

प्रातःकाली अपूर्व कल्पना. कन्सोल गेले कित्येक महिने ‘अपडेट करा’ म्हणून विनवत होता. आम्ही दुर्लक्ष करीत होतो. आज कन्या येण्यापूर्वी कृपावंत होऊन ‘होय’ दाबले. तर्क असा की, कन्सोल अद्ययावत झाला की कंट्रोलरशी त्याचे सूर जुळतील.

अपडेट झाले. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘हे उपकरण अधिकृत नाही. याचा वापर करता येणार नाही.’ आता तुटणेही नाही, विलंबही नाही. थेट प्रवेशबंदी. आणि अपडेट मागे घेता येत नाही.

कन्या आली. पडदा वाचला. म्हणाली, “अपडेट का केलंस तू? सगळ्यांना माहितीये, अपडेट केलं की बाहेरचे कंट्रोलर बंद पडतात.” सगळ्यांना म्हणजे कोणाला, असे विचारले. म्हणाली, “काका म्हणाले होते.”

काका म्हणजे कन्येच्या आईचे नवे स्नेही. सभ्य गृहस्थ, असे लोक म्हणतात. आम्हांस मत नाही. आम्ही एवढेच विचारले की, ज्या घरात कन्सोल नाही, तेथे कन्सोलविषयी भाष्य कोणत्या अधिकाराने होते. कन्या म्हणाली, “मीच विचारलं होतं त्यांना. तुझा कंट्रोलर का तुटतो म्हणून.”

उरलेला वेळ तिने आमच्या टेबलावर गणिते सोडवली. आम्ही समोर बसून नव्या कंट्रोलरची बटणे पुसली. शांत, सुंदर दुपार. एकदा तिने वर पाहिले, काहीतरी बोलणार होती असे वाटले. आम्ही त्याच क्षणी अधिकृत म्हणजे नेमके काय, यावर बोलावयास प्रारंभ केला होता.

२५ सप्टेंबर, बुधवार.

कन्येच्या आईचा फोन. शनिवारी क्लासचे तास वाढले, पोरीला दोन्हीकडे धावपळ होते, तेव्हा कन्सोल तिकडे नेऊ का, असे ‘ती विचारते आहे’ म्हणाली.

आम्ही म्हणालो, कन्सोल गेला तर कन्या येथे येईल कशासाठी?

मग ती म्हणाली, “अरे, ती तुझ्याकडे खोक्यासाठी येते असं वाटतं तुला? अजून?”

हा युक्तिवाद मुरब्बी आहे. कन्सोल काढून घेण्यासाठी भावनेचा वापर. तिचा हा गुण आम्हांस पूर्वीपासून परिचित आहे. फसलो नाही.

संकल्प: कन्सोल देणार नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार.

कन्सोल दिला.

कन्या रिकामी पिशवी घेऊन आली होती आणि ती पाठीमागे लपवत होती. ते पाहवेना. स्वतःच वायरी काढल्या, गुंडाळल्या, रबर लावले. टॉवेलमध्ये बांधून द्यावा म्हटले, तर म्हणाली, “राहू दे, टॉवेल तुला लागेल.” अस्सल कंट्रोलर वर ठेवला. नवाही ठेवू लागलो, तर म्हणाली, “तो कशाला, बाबा? चालत नाही ना तो.”

दाराशी थांबली. “तू रविवारी ये ना तिकडे. तुझा चावलेला आहेच. आपण पूल करू.”

तिकडे. त्या सोफ्यावर. काका पाणी आणून देणार, आणि आमच्याच फ्रिजमधले.

आम्ही म्हणालो, वेळापत्रक पाहून कळवतो. ती “नक्की कळव हं” म्हणाली. लिफ्ट येईपर्यंत उभी होती. लिफ्ट उशिरा आली. आमच्याच कंपनीची.

२९ सप्टेंबर, रविवार.

वेळापत्रक पाहिले. रिकामे होते. तथापि रविवार हा चिंतनासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. कळवायचे राहिले.

पुढच्या रविवारी निश्चित. इस्त्रीचा शर्ट बाजूला काढून ठेवला.

५ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळी कन्येचा मेसेज: ‘बाबा, आज क्लास आहे, येत नाहीये. आणि ऐक! पूल झाला!! मी उडी मारली आणि काकांनी बरोब्बर धरलं. पलीकडे बर्फ आहे, काय भारी दिसतं. तुला दाखवायचंय.’

निष्कर्ष: हा आमच्या प्रशिक्षणाचा विजय. उडी कोठून घ्यायची, हे तिला आम्हीच शिकवले. दोरी काय, कोणीही धरतो. अंगठा वर केलेले चित्र पाठवले. दुसरे तयार नव्हते.

उद्याचे उद्या पाहू. शर्ट पुन्हा कपाटात ठेवला.

आता एक व्यावहारिक अडचण. हा कंट्रोलर मघाशी पुसताना चुकून दोन्ही बटणे दाबली गेली, तेव्हापासून निळा दिवा लुकलुकतो आहे. कन्सोल शोधतोय. बंद करायचे बटण नाही. माहितीपुस्तिका उघडली, अखेर. तीत लिहिले आहे की, कन्सोल बंद केला की कंट्रोलर आपोआप बंद होतो. कन्सोल नसल्यास काय, याविषयी मौन. कंपनीस लिहिले. ती गांभीर्याने नोंद घेते आहे. बॅटरी संपेल म्हणून बसून राहिलो, पण दुकानदार तेवढ्या एका बाबतीत खरे बोलला होता. ड्रॉवरमध्ये टाकावा, तर ड्रॉवर तिकडे. वर टॉवेल टाकला. मला टॉवेलमधूनही दिसतो.