नसीमाच्या छपरावरचा भोपळा

तीर्थरूप बाबा,
इथल्या थंडीत गुडघे वाकत नाहीत, तरी साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही "कित्याक गेलंस गो थंय?" म्हणालात, म्हणून लिहिते. काश्मीरच्या सरहद्दीवरच्या या गावात मी सुखरूप आहे. गोळाबार थांबलाय. रस्त्यासाठी सुरुंग लावतात तेव्हा सगळे दचकून खाली बसतो, मग हसतो.

लोक कसे राहतात ते घरोघरी जाऊन लिहून घेणं हे माझं काम. परवा सगळे लाकडं, तांदूळ भरून ठेवताना दिसले. मी लिहिलं, 'युद्धाची भीती, साठवण सुरू.' अशा नोंदींवरूनच गाव पुन्हा छावणीत हलवायचं का, हे ठरणार होतं.

नसीमा नावाच्या बाईंना नोंद वाचून दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, लढाईसाठी कोणी भोपळा वाळवतं का? बर्फात रस्ता चार महिने बंद असतो!"

मला छपरावर नेलं. गोळ्यानं पडलेल्या भोकावर पत्रा ठोकलाय, त्यावर भोपळ्याच्या चकत्या. गेल्या वर्षी गोळाबारात कोणाची उघड्यावर यायची छातीच नव्हती.

आईच्या सुक्या बांगड्यांवरचे कावळे हाकत मी वाढले, आणि आपल्या पावसाळ्याआधीच्या आगोटीसारखी ही बर्फाआधीची बेगमी मला ओळखू येऊ नये? मी भीतीच शोधायला आले होते का? नोंद बदलली. गाव इथंच राहणार.

तुमचा खोकला कसा आहे? मी बर्फाआधी निघेन. नसीमानं मूठभर चकत्या दिल्यात, तेव्हा थोडी कोकमाची सोलं तिला पाठवा. पत्ता तिच्या घराचाच घाला, तो आता बदलणार नाही.

तुमची लेक,
शर्मिष्ठा