नखाएवढं बटण

प्रिय थंड्या,

पत्राखाली एक खोका आहे. तो आत्ता उघडू नकोस. आधी हे वाच, सावकाश, तुझ्या पद्धतीने. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत हुकूम सोडतोय. माझ्यात काही सुधारणा झालेली नाही हे यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल.

दुकान आहे. म्हणजे पाटी आहे आणि पाटीखाली मी आहे. तुझ्या टेबलावर आता फोनची कव्हरं टांगलेली असतात, गुलाबी, चमकीची, एकावर तर सशाचे कान आहेत. ज्या टेबलावर तू भिंग लावून तास तास बसायचास तिथे मी लोकांच्या फोनला काच चिकटवतो आणि खालचे बुडबुडे अंगठ्याने कडेला ढकलतो. या कामाला अक्कल लागत नाही, त्यामुळे ते मला उत्तम जमतं. तुझं स्टूल मात्र कुणाला बसायला देत नाही. कारण विचारलं की पाय मोडलाय म्हणून सांगतो. पाय धडधाकट आहे.

मागच्या महिन्यात एक दाढीवाला गडी आला. संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवून द्या म्हणाला, व्हिडिओतल्या माणसाने अर्ध्या तासात केलंय, हे घ्या त्याचे आकडे. मी त्याला तुझंच कीर्तन ऐकवलं. वेग एकदम वाढवायचा नाही. एक पायरी चढायची, तासभर चाचणी लावायची, पडद्यावर ठिपके दिसले की दोन पायऱ्या खाली उतरायचं. व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही शक्यतो कमी करायला, कारण वीज जास्त पाजली की कार्ड आज पळतं आणि उद्या जळतं. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेली दोन कार्डं सारखी नसतात, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला लावायचे नाहीत. तो गडी ऐकून घेऊन दुसऱ्या दुकानात गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. मी तुला 'थंड्या' म्हणायचो ते याच कीर्तनामुळे आणि तू मला 'भट्टी' म्हणायचास. दोघांनीही एकमेकांना ओळखण्यात चूक केली नव्हती.

आपली वहीसुद्धा आहे अजून. ज्याने आकडे बसवले त्याची निळी सही, ज्याने तपासले त्याची लाल सही, दोन्ही झाल्याशिवाय मशीन दाराबाहेर जायचं नाही. नियम तुझाच. मी त्याची टिंगल करायचो, की एवढ्या सह्या माझ्या लग्नातही झाल्या नव्हत्या. शेवटच्या पानावर निळी सही तुझी आहे, लाल माझी. ते पान मी बरेचदा काढून बघतो.

त्या आर्किटेक्ट बाई आठवतात ना? न आठवून कसं चालेल. न बांधलेल्या इमारतींमधून माणसाला फिरवून आणायच्या पडद्यावर. त्यांची कुठलीशी स्पर्धा होती, चित्रं लवकर तयार व्हायला हवी होती. तू तीन दिवस त्यांच्या कार्डापाशी बसलास. व्होल्टेज उतरवलंस आणि तरी वेग वाढवलास, कार्ड आधीपेक्षा थंड चालायला लागलं. शंभरात आठने वेग वाढला. तू इतका खूश होतास की वहिनींनी दिलेला डबा तसाच परत नेलास. मला मात्र ते आठ फार केविलवाणे वाटले. पलीकडच्या चौकातला दुकानदार पंधराच्या गप्पा मारत होता. आठचा आकडा पाटीवर लिहायचा म्हणजे स्वतःची शोभा करून घ्यायची, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तू जेवायला घरी गेलास. त्या कार्डाच्या काठावर नखाएवढं एक बटण होतं. आत कार्डाने कसं चालायचं ते सांगणाऱ्या दोन आज्ञावल्या, एक चालू, दुसरी राखीव, आणि बटण सरकवलं की अदलाबदल. तुझे आकडे चालू बाजूला होते. मी राखीव बाजूत त्याच्या थोरल्या भावाची आज्ञावली भरली, कंपनी तीच, कार्ड जास्त ताकदीचं, व्होल्टेजची मर्यादा कितीतरी वरची. बटण तिकडे सरकवून दहा मिनिटं चाचणी लावली. तास नाही, दहा मिनिटं. पडद्यावर सोळा आले. एकही ठिपका नाही. मी बटण तसंच ठेवलं, वहीत तुझ्या आकड्यांखाली लाल सही ठोकली, आणि बाई मशीन घेऊन गेल्या. संध्याकाळी तुला सांगून चकित करायचं होतं. मग वाटलं, चिडशील. मग उद्या सांगू म्हटलं.

सोळाव्या दिवशी बाई मशीन घेऊन आल्या. स्पर्धेची मुदत आदल्या दुपारी संपली होती आणि कार्ड त्याच दिवशी सकाळी जळालं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन वर्षांचं काम होतं, एवढंच म्हणाल्या आणि तुझ्या स्टुलावर बसून राहिल्या. तू त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलास. मी मशीनचं झाकण काढलं आणि तुझं पाऊल परत वाजायच्या आत बटण जुन्या जागी सरकवलं. थंड्या, आयुष्यात एवढं नाजूक काम मी एकाच फटक्यात कधी केलं नव्हतं.

तू बटण बघितलंस, बरोबर जागी होतं. वही बघितलीस, आकडे तुझे होते. पुन्हा पुन्हा तोच ताळा करून बघत राहिलास. शेवटी म्हणालास, "आकडे माझे, चूक माझी." मी चहा सांगितला. मी त्या वेळी नेमकं काय केलं असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच आहे, चहा सांगितला. पुढच्या महिन्यात तू दुकान सोडलंस. जाताना ते मेलेलं कार्ड भिंतीवरच्या खिळ्याला टांगून त्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलीस, 'आकडे चुकले', खाली सही. सहा वर्षं ते माझ्या डोक्यावर आहे. टाकून दे म्हणून चार जणांनी सांगितलं. टाकलं नाही. याला सदसद्विवेक वगैरे म्हणू नकोस, तो असता तर पहिल्याच आठवड्यात बोललो असतो.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनी आल्या होत्या, तुझी हत्यारांची पेटी घेऊन. विकत घ्या किंवा फुकट ठेवा, पण घरात नको म्हणाल्या. गोदामात खोकी तपासतोस, तिथला स्कॅनर टूं वाजला की बरोबर, तुला काही ठरवावं लागत नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. गॅसचं बटण पाच वेळा बघतोस. जिना उतरून कुलूप ओढून बघायला परत चढतोस. लेकीच्या कॉलेजचा फॉर्म भरला, तो बरोबर आहे हे दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत पाठवला नाहीस आणि तारीख गेली. "ह्यांचा स्वतःवर भरवसाच उरला नाही, भावजी," एवढं म्हणून त्या गेल्या. मी त्यांनाही चहा सांगितला होता. तो त्यांनी घेतला नाही.

माझ्या नुसत्या शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस, मी समजूत काढतोय असं वाटेल तुला. म्हणून आता खोका उघड. आत ते कार्ड आहे आणि तुझी पेटीही. कार्ड मेलं तरी आज्ञावलीची चिप मरत नाही, हे तूच शिकवलंस. पेटीतला चिप वाचायचा चिमटा लाव आणि राखीव बाजू वाच, थोरल्या भावाचं नाव आणि व्होल्टेज दोन्ही दिसतील. मला माफ कर असं मी लिहीत नाही, सहा वर्षांना आणि त्या पोरीच्या गेलेल्या तारखेला माफी पुरत नाही, आणि आता हे कळून तुझं काही परत येईल असंही मला वाटत नाही. पण त्या कार्डासारखंच दुसरं एक मिळवलं, तुझी पद्धत धरून, एक एक पायरी, प्रत्येकीला पुरा तास देऊन व्होल्टेज उतरवलं. नऊ दिवस झाले, न थांबता चाललंय, आणि उतरत उतरत जिथे थांबलो ते तुझ्या आकड्यापासून एकाच पायरीच्या अंतरावर होतं. चिठ्ठी तेवढी मी काढून घेतली. आकडे चुकले नव्हते.

तुझाच,
भट्टी