एकोणिसाव्या नावापुढचा ठिपका

१२ जानेवारी, सोमवार. फुजैरा.

प्रतिज्ञा आधी लिहिते, म्हणजे पुढे भटकायला जागा राहणार नाही. या नोंदींतून मला एवढेच सिद्ध करायचे आहे: फुटबॉल शिकवल्याने दक्षिण आफ्रिकेतील गरीब वस्तीतल्या मुलींचे आयुष्य सुधारते, हे विधान माझ्यापुढे ठेवलेल्या कागदांवरून सिद्ध होत नाही. खेळ वाईट, असे मी म्हणत नाही. कागद अपुरे, एवढेच.

कागद निखिलने (यापुढे नि.) आणले. त्याची कंपनी अमिरातीतल्या या बंदरात जहाजांना इंधन पुरवते. डर्बनला दुसरे ऑफिस. तिथल्या एका वस्तीत नोम्सा नावाच्या बाई शाळा सुटल्यावर मुलींना फुटबॉल शिकवतात. तीन वर्षे कंपनीचा आधार आहे. आता नूतनीकरण ठरवायचे, आणि नि. त्या कमिटीवर. "आई, तू फक्त फाइल वाचून दोन पानांचं ओपिनियन दे. तुझ्यासारखं लॉजिक आमच्याकडे कुणाचंच नाही."

स्तुतीने सुरू झालेली विनंती ओळखू येते. तरी हो म्हटले. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून इथे सकाळी गॅलरीतून टँकर मोजायचे, त्यापेक्षा हे बरे.

१४ जानेवारी, बुधवार.

संक्रांत. कासमभाई दरवर्षीप्रमाणे तिळगूळ घ्यायला आले. मूळ रत्नागिरीचे, नि.च्याच ऑफिसात, त्याच कमिटीवर. फाइल टेबलावर उघडी होती. "काय बाई, झाली का झडती? आमचे कस्टमवाले पण एवढी पानं उलटत नाहीत हां."

मी आक्षेप सांगितला. अहवाल म्हणतो, सरावाला येणाऱ्या मुली शाळेत टिकल्या. पण ज्या मुळातच टिकणाऱ्या, त्याच सरावाला येत असतील तर? कारण कोणते, कार्य कोणते? धुरावरून अग्नी सांगता येतो. अग्नीवरून धूर सांगता येत नाही.

कासमभाईंनी लाडू पूर्ण संपवला, मगच बोलले. "गोड बोला म्हणता, आणि तोंडात हे?"

१७ जानेवारी, शनिवार.

आज धक्का बसला. कशाने ते क्रमाने लिहिते.

फाइलच्या शेवटी हजेरीपट आहे, ऑगस्ट ते नोव्हेंबर. अठ्ठावीस नावे. प्रत्येकीचे खाडे आहेत: ताप, परीक्षा, आजीचे आजारपण. एकच अपवाद. क्रमांक एकोणीस, लिंडिवे, वय तेरा. चार महिन्यांत एकही खाडा नाही. एका दिवशी मुसळधार पाऊस, सहाच मुली आल्या; त्यांतही ही. इतरांपुढे बरोबरची खूण, हिच्यापुढे लहानसा ठिपका. ठिपक्याचे कारण कळले नाही. सोडून दिले.

मग बुटांच्या मापांची यादी काढली. एकोणिसापुढे रकाना रिकामा. मग संघाचा फोटो भिंगाखाली धरला. तीनदा मोजले. सत्तावीस चेहरे.

हे मी पूर्वी पाहिलेले आहे. विद्यापीठाच्या तपासणी समितीवर असताना एका वसतिगृहाचा पट असाच फुगवलेला सापडला होता: नावे होती, अंथरुणे नव्हती. तिथेही बनावट मुले कधी आजारी पडत नसत. बनावट माणसाची हीच खूण, त्याला खाडा नसतो.

पोरींच्या नावावर हे करायचे. संताप आला हे नोंदवून ठेवते. असे सहसा होत नाही.

१८ जानेवारी, रविवार.

नि.ला सांगितले. त्याचा चेहरा उतरला. "आई, एकदा नोम्साला मेल टाकून विचारू या का? क्लॅरिफिकेशन म्हणून?"

"ज्याच्यावर संशय, त्यालाच विचारून पुरावा तपासत नाहीत. सावध झाला की कागद बदलतो."

नात इरा तिथेच जेवत होती. आठवीत आहे, शाळेच्या संघातून खेळते. मान वर न करता म्हणाली, "आजी, डिड यू ईव्हन कॉल हर?"

"फाइल बोलते आहे. पुरेसे आहे."

"फाइल्स डोंट टॉक, आजी."

उद्धटपणा. नि. हसू दाबत होता. दोघांना वरण वाढून विषय संपवला.

२० जानेवारी, मंगळवार.

मत लिहून दिले. दोन पाने, न्यायशास्त्रातल्या अनुमानाचे पाचही अवयव जागेवर: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. उदाहरणात ते वसतिगृह. निगमन, म्हणजे निष्कर्ष, असे: पटावर किमान एक नाव बनावट आहे, सबब पट अविश्वसनीय, सबब पटावर आधारलेला अहवालही. चेहरा दिसत नाही म्हणून मुलगी नाही, हे अनुपलब्धीने सिद्ध. वाचून स्वतःलाच बरे वाटले. बऱ्याच वर्षांनी इतके नेटके लिहून झाले.

२३ जानेवारी, शुक्रवार.

कमिटीने नूतनीकरण थांबवले. माझे मत जसेच्या तसे डर्बनला गेले. वस्तीतले मैदान कंपनीच्या नावे भाड्याने आहे; करार फेब्रुवारीअखेर संपतो. नूतनीकरण झाले नाही तर तिथे गोदाम उभे राहील. हे मला आज कळले. कळले असते तरी मतात फरक पडला नसता, असे नि.ला सांगितले.

नोम्साबाईंचे उत्तर एका ओळीचे. वार्षिक सादरीकरणासाठी त्यांचे तिकीट आधीच काढलेले आहे, "येऊन सांगते."

कासमभाई फोनवर: "बाई, खलास केलंत. आता येईल ती माझी पाहुणी. मी तिला जेवायला तुमच्याकडेच आणणार, सांगून ठेवतो."

"माझ्याकडे का?"

"ज्यानं लिहिलं त्यानं वाढावं."

३० जानेवारी, शुक्रवार.

लिहायला बसले आहे. क्रम चुकला तरी लिहायचे.

नोम्साबाई दुपारी आल्या. पन्नाशीच्या, थोराड, एका पायाने लंगडतात. सुनेने आमटी-भात, बटाट्याची भाजी केली होती. हाताने जेवल्या, आमटी दोनदा मागितली. इराला विचारले, कुठे खेळतेस? "लेफ्ट बॅक." "म्हणजे कुणी तुझं नाव घेत नाही, आणि तू नसलीस की सगळे हरतात." इरा खुलली. कासमभाई खिडकीतून टँकर दाखवत राहिले. फाइलचे नाव कुणी काढले नाही.

जेवण झाल्यावर त्यांनीच काढले. संभाषण इंग्रजीत, मी मराठीत उतरवते.

"मॅडम, तुमचं पत्र मी वाचलं. चांगलं लिहिलंय. तुमचं बरोबर आहे, लिंडिवे आली नव्हती. एकही दिवस."

मी म्हटले, "म्हणजे नाव बनावट."

"नाही. ती जुलैत गेली."

मला वाटले, गाव सोडून गेली. तसे मी बोललेही. कुठे गेली, असे विचारले. हे लिहिणे भाग आहे.

त्या शांतपणे म्हणाल्या, पाव आणायला. कोपऱ्यावरच्या दुकानात. दोन टोळ्यांत गोळीबार झाला, तिचा कुणाशी संबंध नव्हता. शाळेची सुट्टी चालू होती. सुट्टीतही सराव असतो, पण तो आठवडा मैदान बंद होते. "मीच बंद ठेवलं होतं. माझ्या बहिणीचं लग्न होतं."

ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी त्यांनी पट वाचला. अठरा, मग वीस. वीस क्रमांकाच्या मुलीने ओ दिली नाही. सगळ्या मैदानावर खाली बसल्या. कुणी रडले नाही, कुणी उठलेही नाही. साडेपाचपर्यंत तशाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणिसावे नाव वाचले. सत्तावीस जणींनी एकदम "हजर" म्हटले, आणि धावायला गेल्या. तेव्हापासून रोज. "खूण करायला माझा हात होईना. रिकामं ठेवायलाही होईना. म्हणून ठिपका."

पाऊस होता त्या दिवशी पाच जणी "हजर" म्हणाल्या.

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, आणि म्हणाले हे मला आठवते आहे, "हे अहवालात लिहायला हवे होते."

"कुठे? तुमच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही."

मी प्रतिज्ञेकडे वळले, सवय. खेळाने आयुष्य सुधारते हे त्या कशावरून म्हणतात?

"मी नाही म्हणत. ते फॉर्ममध्ये छापलेलं असतं, आम्ही खाली सही करतो. मला एवढंच सांगता येतं, की तीन ते साडेपाच मुली कुठे आहेत हे मला माहीत असतं. जुलैनंतर मी मैदान एक दिवससुद्धा बंद ठेवलेलं नाही."

इरा उठून आत गेली. कासमभाईंनी रिकामे कप गोळा केले.

३१ जानेवारी, शनिवार.

यातून काहीही सिद्ध होत नाही. मैदान उघडे असते तर ती दुकानात गेलीच नसती, हे अनुमान दुर्बळ आहे. पाव सकाळीही आणतात. वर्गात कुणी असे अनुमान मांडले असते तर मी ते एका वाक्यात खोडले असते.

सकाळपासून ते खोडते आहे. खोडले जात नाही.

वसतिगृहाचा दाखला मात्र एका क्षणात कोसळतो. तिथे नावे होती आणि मुले कधीच नव्हती. इथे मुलगी होती. दोन्हीकडे पट सारखाच दिसतो.

२ फेब्रुवारी, सोमवार.

कमिटीला सर्व लिहून कळवले. उत्तर नि.च्या तोंडी आले. घरी येऊन बूटही न काढता सांगत होता. "कम्प्लायन्स डिपार्टमेंट म्हणतंय, स्टोरी समजली, खूप सॅड आहे. पण ऑडिटमध्ये मृत मुलगी प्रेझेंट दाखवता येणार नाही. रिव्हाइज्ड पट द्या, एकोणीस नंबर काढून. मग फाइल पुढे जाईल. तोवर पट अविश्वसनीयच."

"आणि पट अविश्वसनीय, हे कुणी म्हटले?"

"आई, तूच. पान दोन. ते सगळं तुझंच कोट करतायत."

मी खुर्चीत बसले. पान दोन काढून माझीच वाक्ये पुन्हा वाचली. ती चांगली बांधलेली होती.

४ फेब्रुवारी, बुधवार.

नोम्साबाईंना बंदरावरच्या रस्त्यावर फिरायला नेले. मी काठी घेऊन, त्या लंगडत, वेग सारखाच. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्रावर रांगेने थांबलेली जहाजे. त्यांनी विचारले, ही सगळी कशाची वाट पाहतात? म्हटले, आपली पाळी येण्याची.

मी सुचवले: दोन पट ठेवा. एक कंपनीसाठी, एक मैदानासाठी. बोलून झाल्यावर लक्षात आले, खोटा पट सुचवणारी आता मी.

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "मॅडम, मुलींना कळतं. कंपनीचा पट माझ्या खोलीत भिंतीवर टांगलेला असतो. रोज येऊन त्या आपापलं नाव बोटाने बघतात. त्यावर ती नसली तर परत खाली बसतील. आणि बसल्या तर मी काय करू? मैदान वाचवायचं आणि मुली बसलेल्या?"

"मग काहीच करता येणार नाही?"

"तुम्ही वाद शिकवता ना? मग वाद घाला. यावेळी माझ्या बाजूने."

५ फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी नोम्साबाई परत गेल्या. इराने नडगीवर बांधायचे आपले जुने शिनगार्ड त्यांना दिले, कुणासाठी ते सांगितले नाही. विमानतळावर कासमभाईंनी खजुराचा डबा हातात ठेवला. "कमिटीचं काय ते होईल, इन्शाल्ला. खजूर तोवर टिकतात."

दुपारभर नवे निवेदन लिहिले. पाच अवयव जुळत नाहीत. प्रतिज्ञा लिहिते: हा पट खरा आहे. हेतू लिहायला गेले की लेखणी थांबते. मरण पावलेली मुलगी मैदानावर हजर होती, हे मी लिहिणार नाही. ते खरे नाही. तिचे नाव रोज उच्चारले गेले आणि रोज उत्तर आले, हे खरे आहे. पटाने मुळात एवढेच सांगायचे असते का? निश्चित नाही. एवढेच लिहिले, आणि निश्चित नाही हेही.

इराने वाचले. "इट्स नॉट अ व्हेरी स्ट्राँग आर्ग्युमेंट, आजी."

"नाही."

"सेंड इट एनीवे."

८ फेब्रुवारी, रविवार.

उद्या दहाला कमिटी. नि. म्हणतो, फिफ्टी-फिफ्टी. कासमभाई म्हणतात, त्याहून कमी. मला दहा मिनिटे बोलायला दिली आहेत. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही. पहिली दोन मिनिटे ठरली आहेत. त्यांत खालील मजकूर वाचणार, म्हणून तो इथेच स्वच्छ अक्षरात लिहिते.

प्रतिज्ञा केली होती ती सिद्ध झाली की नाही, याविषयी मी काही सांगत नाही. कागद आजही अपुरेच आहेत. परंतु वादाचा पहिला नियम, जो मी चौतीस वर्षे प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी शिकवला, तो असा: पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, त्याच्याच तोंडून पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये. नोम्साबाईंचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर होता. माझ्या मुलाने विचारू या म्हटले, माझ्या नातीने विचारलेस का म्हटले. मी विचारले नाही. ठिपका दिसला होता. तो सोडून दिला. ही चूक माझी आहे, आणि २० जानेवारीच्या मतातील निगमन मी मागे घेते.

सुमती विनायक दामले
फुजैरा