कासेलचा रहिवासी

४ जून २०१८
ऋचाला जर्मनीत नोकरी लागली. कासेल नावाच्या शहरात, हॉस्पिटलमध्ये नर्स. डहाणूतही नर्सच होती, पण ही युरोपातली. दीड वर्ष पहाटे उठून जर्मन शिकली. त्यात माझाही वाटा आहे. लाइट बंद कर, असं मी एकदाही म्हणालो नाही.
ठरलं असं: ती आधी जाणार, मागून मी आणि आमची मुलगी मयुरा. मयुरा नऊ वर्षांची, तिला परीक्षा नाही. मला व्हिसासाठी भाषेची सगळ्यात खालची परीक्षा द्यावी लागेल. किरकोळ. चिकूची वाडी आई बघेल.

११ जून
इंटरनेटवर बरंच वाचलं. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन रहिवासी म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्याशिवाय बँकेत खातंसुद्धा नाही. पुष्कळ लोक तिथेच अडकतात म्हणे. मी अडकणार नाही. सातबारा, वारसनोंद, रेशनकार्ड, आमच्या वरोर गावातल्या निम्म्या लोकांचे कागद मीच मार्गी लावलेत. भाषा काय, तिथे गेल्यावर कानावर पडेलच. खरं काम नोंदणीचं. आधी ते हातात घ्यायचं.

२ जुलै
फाइल तयार. पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर सही. सातबाराही जोडला. आपण उपरे नाही, जमीनवाले आहोत, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळलेलं बरं.
माझ्या दोस्ताला, विपुलला दाखवायला अच्छाडला त्याच्या ढाब्यावर गेलो. तो म्हणाला, दीपेशभाई, सातबारा कशाला, तिकडे चिकू लावणार का. मग विचारलं, जर्मन किती झालं. चार धडे, म्हणालो. एक झालाय, पण पुढचे तीन चाळलेत.

१९ ऑगस्ट
ऋचा गेली. विमानतळावर ती रडली, मयुरा रडली. मी नोंदणीच्या सूचना देत होतो, त्यामुळे मला जमलं नाही. तिच्या बॅगेत सुकवलेल्या चिकूची दोन पाकिटं घातली. एक तिला, एक नोंदणीच्या साहेबांना.

३० ऑगस्ट
ऋचाची नोंदणी झाली. साहेब नाहीत, बाई आहेत. दिलेल्या वेळेला आत बोलावलं, दहा मिनिटांत दाखला हातात. लग्न झालंय का, नवरा कुठे, विचारलं. ऋचाने सांगितलं, थोड्या महिन्यांत येतोय.
चिकू मात्र बाईंनी घेतले नाहीत. भेट घेता येत नाही म्हणाल्या आणि पाकीट दोन्ही हातांनी परत सरकवलं. मी विचारलं, काम व्हायच्या आधी दिलंस की नंतर. नंतर, म्हणाली. तिथेच चुकलं.
घरमालकाने पोस्टाच्या पेटीवर ‘सावे’ अशी पाटी लावली. म्हणजे माझं आडनाव पोचलं. निम्मी नोंदणी झाल्यासारखीच.

१४ ऑक्टोबर
उद्या सोमवार. उद्यापासून रोज पहाटे पाचला अभ्यास.

१५ ऑक्टोबर
आज वाडीत तोडीला माणसं येणार होती. मंगळवारही चांगला वार आहे.

२ नोव्हेंबर
मयुरा माझ्या फोनवर जर्मन कार्टून बघत बसते. एकटीच हसते. फोन तिच्याकडे, मग मी शिकणार कशावर? बाप म्हणून त्याग करावा लागतो.

२४ नोव्हेंबर
मुंबईला परीक्षा दिली. वाचन उत्तम. ऐकण्याच्या भागात एक बाई स्टेशनवर काहीतरी घाईघाईने जाहीर करत होती. तसलं आपल्याकडेही कुणाला कळत नाही. बोलण्यात स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी रहिवासी नोंदणीची पद्धत सगळी समजावून सांगितली. इंग्रजीत. परीक्षक हसले. चांगलं लक्षण.

१२ डिसेंबर
नापास. पास व्हायला साठ लागतात, मला एकतीस.
कारण उघड आहे. गेल्या महिन्यापासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसताहेत. पायाखालची जमीन हलत असताना क्रियापदं डोक्यात कशी राहणार? आई म्हणाली, परीक्षा मुंबईला होती, तिथे काही हललं नाही. आईला मनावर होणारा परिणाम कळत नाही.
ऋचाला फोनवर सांगितलं. तिने मार्क विचारले. मग म्हणाली, “परत बस. पण या वेळी अभ्यास कर, दीपेश.”
करतोच आहे.

२ फेब्रुवारी २०१९
काल मोठा धक्का बसला. मांडणीवरची भांडी खाली आली. मयुरा माझा हात धरून अंगणात पळाली आणि संध्याकाळपर्यंत हात सोडायला तयार नव्हती. वेवजीला विपुलच्या घरचे सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपताहेत.
ऋचाचे सारखे फोन. शेवटी म्हणाली, “मयुराला मी घेऊन जाते. तू पास झालास की ये.” मी लगेच होकार दिला. माझ्याही डोक्यात साधारण तेच होतं.

२७ मार्च
दुसऱ्यांदा नापास. चव्वेचाळीस. म्हणजे तेरा वाढले. याच वेगाने पुढच्या वेळी सत्तावन्न, त्याच्या पुढे पासच.

२८ एप्रिल
ऋचा मयुराला न्यायला आली होती. तेरा-तेराचं गणित समजावलं. हसली नाही. मयुराचे कपडे भरत राहिली. मी फाइल दिली. तिने त्यातून मयुराचा जन्मदाखला तेवढा काढला आणि बाकीची परत दिली. म्हणाली, “हे तू येशील तेव्हा आण.” येशील म्हणाली, हे नोंदवून ठेवतो.
विमानतळावर मयुरा म्हणाली, “बाबा, मी फोनवर तुम्हाला रोज एक शब्द शिकवू?” मी म्हणालो, आधी ऑफिसात कसं बोलायचं ते मी तुला शिकवतो. तोवर रांग पुढे गेली.

६ मे
घरात फोन मोकळा आहे. वेळही आहे. अभ्यासाला बसलो. आई दोनदा येऊन बघून गेली, बरं आहे ना म्हणून.

१३ मे
आज मयुराची नोंदणी झाली. व्हिडिओ कॉलवर तिनेच सगळं सांगितलं. त्याच बाई होत्या. त्यांनी ऋचाला न विचारता सरळ मयुराला विचारलं. नाव, जन्मतारीख, सगळं तिने जर्मनमध्ये सांगितलं. मग बाईंनी विचारलं, बाबा कुठे आहेत. त्यावर काय सांगितलं तेही तिने मला तसंच म्हणून दाखवलं.
“माइन फाटर वोन्ट इन डहाणू.”
ऋचाने मागून विचारलं, “कळलं का रे?”
कळलं म्हणालो. खरंच कळलं. माझे वडील डहाणूला राहतात. वोन्ट म्हणजे राहतात, घर करून राहतात तसं. पहिल्यांदाच अख्खं वाक्य कुणी न सांगता कळलं.
बाईंनी ते लगेच कॉम्प्युटरवर चढवलं म्हणे. एकही कागद मागितला नाही.