त्या शहरात घरंच नाहीत

३ मार्च, सकाळ
हिला बढती मिळाली. बढतीबरोबर बदली, तीही दुसऱ्या शहरात. कंपनीला वीस तारखेपर्यंत कळवायचंय : एकटीसाठी खोली हवी, की कुटुंबासाठी घरभाडं? कुटुंब म्हणजे मी. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासतो, ते कुठेही बसून होतं. ही म्हणाली, घर तुम्हीच शोधा, तुमच्या आवडीचं. म्हटलं, शांत डोक्याने बघतो. संध्याकाळपर्यंत दोन-तीन नक्की करून टाकतो.

३ मार्च, संध्याकाळ
घरांच्या साइटवर नुसता बाजार भरलाय. कोपऱ्यातून एक बाई उगवते आणि ‘मी काही मदत करू का?’ म्हणते. लाल पट्टी सांगते, हे घर आत्ता आणखी बरेच जण बघताहेत. बघू देत. मध्येच कुठला तरी व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतो. अशात माणूस निर्णय कसा घेणार? शेवटी चपलांची जाहिरात बघत बसलो. चपला चांगल्या होत्या.

६ मार्च
मेव्हण्याने उपाय सांगितला. ब्राउझरमध्ये एक छोटंसं एक्स्टेन्शन टाकायचं. जे डोळ्यांसमोर नको त्यावर क्लिक केलं की ते गायब, कायमचं. लगेच टाकलं. बाई गेली, पट्टी गेली, व्हिडिओ गेला. इतकं मोकळं वाटलं की घरं बघायची राहून गेली. पण पाया पक्का झाला.

९ मार्च
आजचा दिवस फक्त सफाईला दिला. बातम्यांची साइट, हवामानाची, बँकेची. बँकेच्या पानावर एक जोडपं विनाकारण हसत उभं असतं, त्यांनाही घालवलं. हिने विचारलं, घराचं कुठवर आलं? म्हटलं, आधी जागा झाडून घेतो, मग बसतो. ही उठून आत गेली. पटलं असावं.

१२ मार्च
साइटवाल्यांनी पानाची रचनाच बदलली. बाई परत हजर, या खेपेस डाव्या कोपऱ्यात. सगळं पहिल्यापासून. प्रुफं तशीच पडलीत. प्रकाशकाचा फोन आला, त्याला सांगितलं, बदलीची धावपळ चालू आहे.

१५ मार्च
आज मात्र खरोखर घरं बघायला बसलो. पहिल्याच घराचं स्वयंपाकघर भडक गुलाबी. डोळ्यांत खुपायला लागलं. त्या चौकोनावर क्लिक केलं, गेलं. पान एकदम निरभ्र. खाली बघतो तर एकही घर नाही. शहराचा दुसरा भाग निवडला, तिथेही नाही. तिसरा, चौथा, कुठेच नाही. म्हणजे त्या शहरात सध्या भाड्याने घरच मिळत नाही. वाईट झालं.
खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. का, ते लिहायला आज वेळ नाही.

१७ मार्च
हिला परिस्थितीची कल्पना दिली. ही म्हणाली, मग तिथली माणसं राहतात कुठे? म्हटलं, स्वतःच्या घरात. हिने आपला फोन काढला आणि अंगठ्याने पान वर सरकवत राहिली, बराच वेळ. मला बाजूने घरं दिसत होती. एकाला चांगली गॅलरी होती. मी म्हटलं, फोनवरच्या गोष्टींवर फार विसंबू नये.
नंतर गुपचूप मेव्हण्याला विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणे, एक चौकोन घालवला की त्याच्यासारखे सगळे जातात. बरं झालं कळलं. उद्या हिला स्पष्ट सांगून टाकायचं.

१८ मार्च
सांगायचं होतं, पण ही दमून आली होती. उद्या नक्की.

२० मार्च, सकाळ
हिला म्हटलं, घरं आहेत बरं का तिथे, भरपूर आहेत. ही डबा भरत होती. म्हणाली, काल कळवून टाकलं, एकटीची खोली. आवाज चढवला नाही. डब्याचं झाकण लावून म्हणाली, “यायचं नाही, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी वाट तरी बघत बसले नसते.”
मी म्हटलं, यायचं आहे.
“मग?”
उत्तर येत होतं. तिथे हिला सगळे मॅडम म्हणणार, आणि मी कोण, तर मॅडमच्या घरी दिवसभर बसणारे गृहस्थ. याची मला भीती वाटते. तोंडाशी आलेलं गिळलं. ही ऑफिसला गेली.

२ एप्रिल
ही गेली. बॅगा टॅक्सीत ठेवल्या. पुढच्या महिन्यात घर शोधून येतोच, असं ठासून सांगितलं. ही ‘बरं’ म्हणाली आणि काच वर केली.

५ एप्रिल, दुपार
घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. कामाला याहून चांगली परिस्थिती मिळायची नाही. सकाळपासून प्रुफाचं एकच पान समोर आहे. करमत नाही.
परवा हिचा मेसेज आला होता, ‘पोचले.’ फोन करावा असं सारखं मनात येतं. पण नवी जागा, नवं काम. उगाच तिचं लक्ष विचलित व्हायला नको.