उशाची घंटा

४ डिसेंबर १९९७
आज शूटिंग रेंजवर पुन्हा वाट लागली. बाजूच्या लेनमध्ये कोणीतरी खोकलं आणि माझं बोट हललं! धोंडीरामसर फौजेतून रिटायर झालेत, पण बोलणं अजून परेडचंच — "खोकला त्याचा, गोळी तुझी. बहाणा बिल्कुल नको. आवाज थांबत नसतो, आपण कान बंद करायचे." जानेवारीत ट्रायल्स. यंदा टीममध्ये नाही आले तर रायफल बंद, बँकेच्या परीक्षा द्यायच्या. बाबांनी स्पष्टच सांगितलंय.

७ डिसेंबर
घरी सराव. रिकामी रायफल, भिंतीवर काळा ठिपका. नेम धरला की आतून आईची घंटा! अंगावरून वारं गेल्यापासून तिला मोठ्याने हाक मारता येत नाही, म्हणून बाबांनी देवघरातली घंटा तिच्या उशाशी ठेवलीय. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. चिडले मी तिच्यावर. मग फार वाईट वाटलं.

८ डिसेंबर
युक्ती सुचली. आईलाच म्हटलं, मी नेम धरला की तू वाजवत राहा, मी हलणार नाही. हसली — वाकड्या तोंडाने, पण किती दिवसांनी. "चलो, मी पण टीममध्ये," म्हणाली.

१५ डिसेंबर
रोज वाजवते. मध्येच थांबून फसवते, लबाड. घंटा ऐकू येते, पण लांबून, मार्केटमधली असावी तशी.

२४ डिसेंबर
आज आलीच नाही ऐकू. "वाजवलीस ना?" विचारलं, तर म्हणे, "अगं, हात दुखला माझा." वरच्या मजल्यावरच्या अहिल्याकाकू विचारत होत्या, तुमच्याकडे दिवसभर आरती असते का? त्यांना सरावाचं सांगितलं. खूप हसलो.

२ जानेवारी
आजवरचा सगळ्यात चांगला स्कोअर. सर खूश.
संध्याकाळी चहा करत होते. बाबा आले ते ओरडतच, "अलका, आई कधीची वाजवतेय!" रायफल हातात नव्हती तरी मला ऐकू आलं नव्हतं. आई म्हणाली, "अच्छा, म्हणजे जमलं तुला." मला हसू आलं नाही. भीती वाटली. ट्रायल्स झाल्या की हा खेळ बंद.

९ जानेवारी
परवा ट्रायल्स. बाबा ऑफिसात. आज आईला म्हटलं, तू आराम कर, वाजवू नकोस. दुपारभर उभी होते. इतकं स्थिर कधीच वाटलं नव्हतं. एकदाही घंटा नाही, झोपली असणार. आता चहा घेऊन जाते तिच्याकडे.

१२ जानेवारी
ट्रायल्स काल झाल्या. मी गेले नाही.
अहिल्याकाकू भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रडत सांगतात — "त्या दुपारी घंटा किती वेळ वाजत होती, मला वाटलं सराव चाललाय."
मी भिंतीच्या अलीकडेच उभी होते.

२३ जानेवारी
सुतक फिटलं. घंटा परत देवघरात गेली. बाबांनी सकाळी पूजा केली. त्यांच्या हातात ती हलताना मला नुसती दिसली.